गच्चीला कुलूप कुणी लावलं?

गेल्या जूनमध्ये आमच्या शब्बाथ शाळेत वचन-पाठांतराची स्पर्धा झाली. नऊ वर्षांची एक मुलगी पुढं आली, हात मागं बांधून उभी राहिली आणि आठवं स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून गेली. कुठं अडखळली नाही, एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. परीक्षक मी होते. दहापैकी दहा दिले. बक्षिसाचा डबा हातात देताना सहज विचारलं, "चंद्र-तारे बघतेस का गं कधी?" ती म्हणाली, "नाही टीचर. गच्चीला कुलूप असतं."

ते स्तोत्र रचणारा माणूस रात्री उघड्यावर मान वर करून उभा होता. त्यानं आधी पाहिलं, आणि पाहिलं म्हणून त्याला प्रश्न पडला, की एवढ्या अफाट पसाऱ्यात माणूस तो केवढासा, आणि तरी देव त्याची आठवण कशी ठेवतो? माझ्या विद्यार्थिनीला तो प्रश्न तोंडपाठ होता, पडला मात्र कधीच नव्हता. चूक तिची नाही. बावीस वर्षं मी ही शाळा चालवते आहे, चूक माझी आहे.

ही गोष्ट मी शिक्षकांच्या शिबिरात सांगितली आणि सुचवलं, की यंदापासून पाठांतराचा वेळ थोडा कमी करू आणि मुलांना बघायला, विचारायला, गप्प बसायला शिकवू. तेव्हा आमचे एक ज्येष्ठ बंधू बोलायला उठले. मी त्यांना काका म्हणते. माझ्या लग्नातली प्रार्थना त्यांनीच केली होती आणि माझे वडील आजारी असताना रात्री दवाखान्यात बसायलाही तेच येत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्या दिवशी ते जे बोलले, त्याला टाळ्या पडल्या, आणि मला तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही. ते उत्तर आता देते.

काकांचं म्हणणं असं. ज्याची माहिती नसते त्याचंच माणसाला आश्चर्य वाटतं. माहिती झाली की आश्चर्य ओसरतं, म्हणून ते लहान लेकरांना शोभतं, जाणत्या विश्वासणाऱ्याला नाही. दुसरं म्हणजे, आपली मुलं कॉलेजात जातात तिथं दहा जण त्यांना दहा प्रश्न विचारून कोंडीत पकडतात. अशा वेळी चांदणं काय कामाचं? तिथं सिद्धांत पक्का हवा, वचन जिभेवर हवं. तिसरी गोष्ट सांगताना त्यांचा आवाज खाली आला. झाड बघून, डोंगर बघून भारावून जाणं कुठल्याही धर्मात चालतं. आपल्या आजा-पणज्यांनी घरदार, नातीगोती सोडून जी वाट धरली, ती आपण अशानं पुसून टाकू.

तिसऱ्या मुद्द्यामागचं दुखणं खरं आहे. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवरून परत पाठवलेल्या बायकांच्या कथा आमच्या घरातही आहेत. त्याकडं मी येणारच आहे. आधी पहिला मुद्दा घेते, कारण तो सगळ्यांत चुकीचा आहे आणि सगळ्यांत जास्त लोकांना पटलेला आहे.

आश्चर्य जर अज्ञानातून येत असेल, तर शुभवर्तमान वाचताना आपण दोन जागी अडखळायला हवं. कफर्णहूमातल्या रोमी शताधिपतीनं निरोप धाडला, की तुम्ही माझ्या घरी येऊ नका, नुसता शब्द बोला. ते ऐकून प्रभूला आश्चर्य वाटलं, असं मत्तय आणि लूक दोघंही लिहितात. दुसरी जागा मार्काच्या सहाव्या अध्यायात आहे. स्वतःच्या गावात, नासरेथात, लोकांच्या अविश्वासाचं त्याला आश्चर्य वाटलं. त्याच प्रसंगात गावकऱ्यांचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. तेही आधी थक्क झाले होते. मग म्हणाले, हा तर आपला सुतार, याची आई, याचे भाऊ आपल्या ओळखीचे. माहिती त्यांच्याजवळ भरपूर होती आणि खरीही होती. त्या माहितीच्या जोरावर त्यांनी दार लावून घेतलं. ज्याला आपण सर्वज्ञ म्हणतो त्याला विस्मय वाटला, आणि ज्यांना सगळं ठाऊक होतं त्यांचा विस्मय दोन मिनिटांत विझला. काका, या दोघांपैकी आपल्या मुलांनी कुणासारखं व्हावं?

आता शास्त्राकडं पाहू. मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. बुकबाइंडिंगच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तकं वाचून तो शिकला. आज आपल्या घरात येणारी वीज ज्या तत्त्वावर तयार होते, ते त्यानं १८३१ साली शोधलं. याच फॅरेडेनं १८६०च्या नाताळच्या सुट्टीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढं सहा व्याख्यानं दिली, आणि सहाही एका मेणबत्तीवर. तो सँडेमॅनियन नावाच्या एका लहानशा, वचनाला काटेकोर धरून चालणाऱ्या मंडळीचा सभासद होता, आणि त्या सुमारास तिथला वडील म्हणून सेवाही करत होता. त्याच्या काळात मेणबत्तीबद्दल त्याच्याइतकं फार थोड्यांना कळत असेल. तरी पांढऱ्या केसांचा तो माणूस पोरांसमोर ज्योत धरून उभा राहिला आणि तिचं कौतुक करताना थकला नाही.

त्याचा एक प्रयोग मी आमच्या वर्गात केला. वाण्याकडची साधी पांढरी मेणबत्ती आणली, वारा येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या आणि विचारलं, "यात जळतंय काय?" सगळे म्हणाले, वात. वात जळत असती तर मिनिटभरात संपली असती. मग एक जण म्हणाला, मेण. मी मेणाच्या तुकड्याला काडी लावून दाखवली. तो नुसता ओघळला, पेटला नाही. मग मी ज्योतीवर फुंकर मारली. वातीतून पांढऱ्या धुराची बारीक दोरी वर चढली. पेटलेली काडी वातीला न लावता, बोटभर वर, त्या धुराला लावली. ज्योत धुराच्या दोरीवरून सरसर खाली आली आणि वातीवर जाऊन बसली. वर्गात एकदम शांतता झाली, आणि मग एकच गलका, "परत! परत!" किती वेळा केलं याचा हिशेब राहिला नाही. मग सांगितलं, की मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. थंडगार स्टीलचा चमचा ज्योतीवर क्षणभर धरला, तर त्यावर दमटपणा आला. आगीतून पाणी निघतं हे मुलांनी बोट फिरवून पाहिलं. निघताना एकीनं विचारलं, "मग टीचर, जळून गेलेली मेणबत्ती गेली कुठं?" मी सांगितलं, तिची पाण्याची वाफ झाली आणि आपण उच्छ्वासातून सोडतो तो वायू झाला. तिचे डोळे आणखी मोठे झाले. "म्हणजे ती अजून खोलीतच आहे?"

उत्तर मिळाल्यावर आश्चर्य ओसरतं, असं जे म्हणतात त्यांनी ते डोळे पाहायला हवे होते. ओसरतं ते नवल, म्हणजे जादूगाराच्या टोपीतून ससा निघाल्यावर वाटतं ते. युक्ती कळली की ते संपतं. विस्मय म्हणतात तो याहून वेगळा असतो. जितकं कळत जावं तितका तो खोल जातो, कारण कळल्यावर पुढचं न कळलेलं दिसायला लागतं. मराठीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो आणि मग विस्मयाला पोरकट म्हणून मोकळे होतो.

काकांच्या दुसऱ्या मुद्द्याकडं वळते. सिद्धांत नकोत असं मी कधीच म्हटलं नाही. प्रेषितांचा विश्वासांगीकार मी रोज म्हणते आणि माझ्या मुलांनाही तो येतो. पण सिद्धांत आला कुठून, हे विसरून कसं चालेल? ३२५ साली निकियात बिशप जमले आणि पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, हे शब्द पक्के केले. त्या शब्दांच्या मागे अडीच-तीनशे वर्षांचा एक धक्का होता. लोक ज्याच्यासोबत जेवले, ज्याचे धुळीनं माखलेले पाय ज्यांनी पाहिले, त्याच्यापुढं त्यांनी गुडघे टेकले होते. असं आपल्याकडून झालंच कसं, हे नेमक्या शब्दांत सांगण्याची धडपड म्हणजे तो सिद्धांत. धक्का काढून घेतला आणि मुलांच्या हातात नुसते शब्द ठेवले, तर मुलं ते शब्द जपतील आणि पंचविसाव्या वर्षी टाकूनही देतील. मी हे होताना पाहिलं आहे. माझ्या पहिल्या तुकडीतली पाठांतरात पहिली आलेली तिन्ही मुलं आज कुठल्याच मंडळीत जात नाहीत. भेटली की प्रेमानं बोलतात. वचन अजून तोंडपाठ आहे त्यांचं.

हे दुखणं मराठी बोलणाऱ्यांपैकी कुणीतरी चारशे वर्षांपूर्वीच ओळखलं होतं, याचा मला फार आधार वाटतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशुसंघी १५७९ साली गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षं तिथंच, बहुतेक साष्टीत, राहिला. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. त्यात दहा हजारांहून जास्त ओव्या आहेत. पुराणाच्या आरंभी जो प्रसंग आहे, तो प्रत्येक शब्बाथ शाळेच्या शिक्षकानं वाचावा. पाद्री दोत्रिन, म्हणजे धर्माची प्रश्नोत्तरं, शिकवतो आहे. ऐकणाऱ्यांतला एक ब्राह्मण ख्रिस्ती आदरानं म्हणतो, की हे शिकवता ते चांगलंच आहे, पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला, ऐकायला दुसरं पुराण का देत नाही?

त्या माणसाला सिद्धांत मिळालेला होता. त्याला भूक होती ती गोष्टीची, ओवीच्या लयीची, ऐकताना अंगावर काटा यावा अशा कथनाची. आणि स्टीफन्सनं त्याला असं सांगितलं नाही, की आधी प्रश्नोत्तरं पाठ कर, बाकीचं नंतर पाहू. त्यानं लिहायला घेतलं, तेही त्या माणसाच्या भाषेत आणि त्याच्या आज्यापणज्यांच्या छंदात. मराठीचं गुणगान करताना तो इतका रंगून जातो, की वाचणाऱ्याला हा विल्टशरचा माणूस आहे याचा विसर पडतो. काकांना मी एक आठवण आवर्जून देईन. कोकणीतली प्रश्नोत्तरांची दोत्रिनही याच स्टीफन्सची आहे. तो १६१९ साली गेला आणि त्यानंतर तीन वर्षांनी, १६२२ साली, ती छापून निघाली. म्हणजे दोत्रिन आणि पुराण एकाच हातानं लिहिली. त्याला त्यांत भांडण दिसलं नाही. भांडण आपण लावलं आहे, आणि त्यात पुराणाला घराबाहेर काढलं आहे.

राहिला कॉलेजातल्या प्रश्नांचा मुद्दा. माझ्या मते जगातल्या कुठल्याच पुस्तकात ईयोबाच्या पुस्तकाइतके कडक प्रश्न नाहीत. त्याची गुरं गेली, लेकरं गेली, अंगभर गळवं आली. राखेत बसलेल्या या माणसाला तीन मित्र भेटायला येतात. पहिले सात दिवस ते नुसते जवळ बसून राहतात, आणि त्यांनी केलेलं तेवढंच काम चांगलं आहे. मग ते बोलायला लागतात. अलीफज, बिल्दद, सोफर यांची भाषणं काढून वाचा. सिद्धांत जागच्या जागी आहे. देव न्यायी आहे, पापाचं फळ मिळतं, पश्चात्ताप कर. वाक्यं सुटी काढली तर आपल्या व्यासपीठावरून आजही खपतील. आणि पुस्तकाच्या शेवटी देव या तिघांवर संतापतो. ईयोबाशी तो बोलतो ते वावटळीतून, आणि उत्तर म्हणून एक प्रश्नमाला पुढं ठेवतो. रानबकऱ्या कधी वितात, तुला माहीत आहे? हिमाची कोठारं पाहिलीस? कृत्तिकांचा घोस तू बांधलास का? ज्याची दहा लेकरं मेली त्याच्याशी देव बकऱ्यांच्या बाळंतपणाबद्दल बोलतो! हे उत्तर आहे की नाही, यावर मी कितीतरी रात्री घालवल्या आहेत, कारण मीही एक मूल गमावलं आहे. एवढंच सांगू शकते, की त्या वर्षी मला दिलेली सगळी तयार उत्तरं मी विसरले. लक्षात राहिली ती शेजारच्या आजींनी कुंडीत लावून दिलेली शेवंती. तिला कळी आली तेव्हा रागानं माझे हात थरथरले होते, आणि तरी मी तिला पाणी घातलं. देवावरचा माझा विश्वास परत यायला तिथून सुरुवात झाली. कशी झाली हे मला आजही नीट सांगता येत नाही.

विस्मय वाटणारा माणूस प्रश्न विचारत नाही, भोळा होतो, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी पंडिता रमाबाईंची पत्रं वाचावीत. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच त्या मतांवरून वर्षानुवर्षं वाद घालत राहिल्या. दुसऱ्याच्या शब्दावर मान डोलवणं त्यांना जमलं नाही. त्याच बाईंनी उतारवयात केडगावच्या मुक्तीत, बायकांना वाचता येईल अशा साध्या मराठीत, अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच बाया-मुली होत्या. १९२२ साली त्या गेल्या तोवर भाषांतराचं काम त्यांनी हातावेगळं केलेलं होतं. एकेका शब्दापाशी इतकं थांबायचं बळ माणसाला नुसत्या कर्तव्यातून मिळत नाही.

आता ती भीती. निसर्ग पाहून भारावणं ख्रिस्ती नव्हे, असं काका म्हणतात. मग डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू रानातल्या भूकमळांकडं बोट का दाखवतो? ती कशी वाढतात ते लक्षात घ्या, असं तो म्हणतो. ही आज्ञा आहे, आणि दुसऱ्या कुठल्याही आज्ञेइतकीच ती आपल्यावर बंधनकारक आहे. मला सांगा, आपल्या मंडळीत कुणी ही आज्ञा पाळली नाही म्हणून पंचांनी कधी त्याची विचारपूस केली आहे का?

याच प्रवचनानं नारायण वामन टिळकांना धरलं. रेल्वेत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला होता. वाचत वाचत ते या अध्यायांपर्यंत आले आणि मग त्यांना पुस्तक खाली ठेववेना. त्याआधी ते भरपूर चर्चा करत होते, धर्मांवर लिहीत होते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांनी फुलं सोडली का? अजिबात नाही. उलट मराठीनं त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून डोक्यावर घेतलं. तरुण बालकवी त्यांच्या घरी राहायला आले, ते काही धर्मांतरासाठी नव्हे. त्या घरात आकाश आणि पाखरं यांच्याबद्दल मनापासून बोलणारी माणसं होती. ज्या माणसानं आपल्या विश्वासासाठी बायको-मुलापासून ताटातूट सोसली, त्याचा ख्रिस्तीपणा फुलांमुळं पातळ झाला, असं म्हणायची हिंमत आपल्यापैकी कुणात आहे? लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला, आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन पुढं त्यांनीच पुरं केलं. आपल्या आजा-पणज्यांचं नाव काढायचं तर या दोघांचंही काढा.

ख्रिस्ती विस्मयात खास ख्रिस्ती असं काय आहे, हा काकांचा प्रश्न मात्र योग्य आहे. माझं उत्तर गव्हाणीत आहे. दर डिसेंबरात आपण गव्हाण मांडतो. पुठ्ठ्याचा गोठा, चमचमता तारा, प्लॅस्टर ऑफ पॅरिसचं गोबऱ्या गालांचं बाळ. आता ते दृश्य नजरेवरून घसरून जातं. माझ्या मामाच्या गावची गव्हाण दगडी होती. तिचा काठ बैलांच्या जिभांनी आणि मानांनी घासून आरशासारखा गुळगुळीत झाला होता. आत कडब्याची टोकं, ओल्या पेंडीचा आंबूस वास, कोपऱ्यात शेणाचा पो. त्या कडब्याची पाती हाताला कापते. मी लहानपणी तिथं बसून रडलेली आहे, म्हणून मला पक्कं आठवतं. तान्हं मूल तिथं ठेवायचं म्हटलं तर आपली आई किंचाळेल. जगाच्या कर्त्यानं स्वतःसाठी ही जागा निवडली, असं आपण म्हणतो. कृत्तिकांचा घोस बांधणारा हात त्या कडब्यात मूठ वळून पडला होता, असं आपण म्हणतो. आकाश बघून थक्क न झालेल्या मुलाला या वाक्याचं वजन कसं कळणार? आधी तो हात केवढा हे दिसलं पाहिजे, तरच त्याची इवलीशी मूठ अंगावर येते. चांदणं आणि गव्हाण या एकाच वाक्याच्या दोन बाजू आहेत. काका पहिली गाळायला सांगतात, आणि मग दुसरी पुठ्ठ्याची होऊन बसते.

इथवर काकांशी बोलले. पण त्यांच्या अगदी उलट टोकाला जे उभे आहेत, त्यांच्याबद्दल गप्प राहिले तर माझा प्रतिवाद अर्धवट राहील. त्यांच्याकडं विस्मयाची टंचाई नाही. मोठे मांडव, मोठे कर्णे, चमत्काराची साक्ष, टाळ्या, पुन्हा साक्ष. तिथं जाणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. दवाखान्याची बिलं भरून थकलेली माणसं दुसरीकडं कुठं जाणार? माझा राग व्यासपीठावरच्यांवर आहे. आमच्या वस्तीतली एक आई तिच्या न चालणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन अशा सभांना वर्षभर गेली. शेवटी तिला सांगण्यात आलं, की तुझा विश्वास कमी पडला. त्या दिवसापासून ती प्रार्थनेला बसत नाही. त्या मुलाचं हसणं, त्याचं आईच्या मानेला बिलगणं, हे कुणालाच चमत्कारासारखं वाटलं नाही, कारण त्याची साक्ष देता येत नव्हती.

चमत्काराची हाव आणि विस्मय ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि त्यांचं आपसांत पटत नाही. हाव धरणाऱ्याला देव फक्त नियम मोडताना दिसतो. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन यानं सोळाशे वर्षांपूर्वी योहानाच्या शुभवर्तमानावर बोलताना हे सांगून ठेवलं आहे. कानाच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला, पण द्राक्षवेलीत तो दरवर्षीच होतो, पावसाच्या पाण्यापासून. करणारा तोच आहे. रोज होतं म्हणून आपण बघत नाही. पाच भाकरींचंही तसंच. पाच हजारांना जेवू घालणं मोठं, पण सगळं जग चालवणं त्याहून मोठं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

हे आमच्या पोरांना कापणीच्या सणाला कळलं. लोक अर्पणाला भोपळे, नारळ, कोंबडे घेऊन येतात आणि मग त्यांचा लिलाव होतो, इतकंच त्यांना माहीत होतं. गेल्या वर्षी मी लिलावातून ज्वारीचं एक कणीस बाजूला काढलं आणि वर्गात नेलं. "मोजा." वर्तमानपत्रावर दाणे झाडून चौघांनी मोजायला घेतलं. हजार झाले तरी कागदावर ढीग होताच. शेवटी आकड्यावरून त्यांच्यात भांडण लागलं आणि परत पहिल्यापासून मोजणी सुरू झाली. मग मी एक दाणा उचलून एकाच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, हे सगळं यातून आलं. तो मुलगा मूठ मिटून बसला, उघडेना. वसईच्या आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन गावांत आगेरा होतो, गोव्यात कणसांचं फेस्त होतं. भाताच्या पहिल्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये येतात आणि त्यांच्यावर आशीर्वाद मागितला जातो. ज्यांनी हे सण टिकवले त्यांनी भाकरींचा चमत्कार दरवर्षी डोळ्यांसमोर ठेवला. आम्ही प्रॉटेस्टंटांनी हा भाग लिलावाच्या हिशेबात हरवला.

मला काय हवं, असं शिबिरात कुणीतरी विचारलं होतं. फार मोठं काही नाही. उपासनेत वचन वाचून झाल्यावर लगेच उपदेश सुरू न करता दोन मिनिटं शांतता. मुलानं प्रश्न विचारला तर "देवाची इच्छा" म्हणून त्याचं तोंड बंद न करणं. वर्षातून काही रविवार भिंतींच्या बाहेर. आणि पाठांतर असू द्या, पण जे पाठ करायचं ते आधी एकदा डोळ्यांनी, हातांनी, नाकानं ओळखून घेऊ द्या. यासाठी पैसे लागत नाहीत. मोठ्यांना मात्र मुलांबरोबर थांबावं लागतं, आणि आम्हांला तेच सगळ्यांत जड जातं.

त्या मुलीच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी परवा भेटले. आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, मोठी माणसं सोबत असतील तर रात्री नऊपर्यंत गच्ची उघडू. डिसेंबरातला दुसरा शनिवार ठरला आहे. त्या वेळी मृग पूर्वेला चांगला वर आलेला असतो, आणि शहराच्या उजेडातही त्याचे तीन तारे एका रेषेत दिसतात. कृत्तिका शोधाव्या लागतील. ज्या पोरीला स्तोत्र पाठ आहे ती ते तिथं म्हणणार आहे.

काकांना फोन केला. इमारत चार मजल्यांची आहे, लिफ्ट नाही, आणि त्यांचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. त्यांनी विचारलं, "वर गेल्यावर कार्यक्रम काय?" मी म्हटलं, "पहिली दहा मिनिटं काहीच नाही काका. नुसतं बघायचं." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग मला खुर्ची लागेल गं."

खुर्ची मी आदल्या दिवशीच वर नेऊन ठेवणार आहे.